काढलेले पित्ताशय तपासणीला गेले का?

महोदय,

पित्ताच्या खड्यांसाठी दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया नाशिकमध्ये आता इतकी सर्रास झाली आहे की, नातेवाइकांच्या हाती खड्यांची बाटली आली म्हणजे सारे आटोपले, असे आपण समजतो. माझ्या थोरल्या वहिनींच्या वेळी आम्हीही तेच समजलो. मोहरीपासून हरभऱ्याएवढे ते खडे सिडकोतल्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवले. खुद्द पित्ताशयाचे काय झाले, हे विचारायचे मात्र कोणाला सुचले नाही. ते पॅथॉलॉजीकडे, म्हणजे त्यात कर्करोग तर नाही ना हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला, गेलेच नव्हते, हे पाच महिन्यांनी वहिनींना कावीळ झाल्यावर कळले. पुढे मुंबईत डॉक्टरांच्या पहिल्याच भेटीत स्लाइड आणि ब्लॉक (काचपट्टीवरचे पातळ काप आणि मेणात जपलेला पित्ताशयाचा तुकडा) मागितले गेले. आमच्यापाशी होती ती बाटली.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या सोनोग्राफीत 'भिंत एका बाजूस जाड' अशी नोंद होती. निरोगी भिंत उपाशीपोटी साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते. ती जाड होण्याचे कारण बहुतेकदा जुनी सूज असते, शिवाय खड्यांच्या सावलीमागचे नीट दिसत नाही, त्यामुळे रेडिओलॉजिस्टना बोल लावणे रास्त नाही. पण जाडी एकाच जागी आणि वेडीवाकडी असेल, तर खडे दिसले म्हणून तिथेच न थांबता कॉन्ट्रास्टसह सीटी स्कॅन करून घ्यायला हवा. पित्ताशयाच्या भिंतीत सबम्युकोसाचा, म्हणजे अस्तर आणि स्नायू यांच्यामधला, थर नसतो, म्हणून तिथली कर्करोगाची गाठ फार लवकर यकृतात शिरते.

वहिनींच्या यकृतातील गाठीच्या बायोप्सीत स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींसारख्या लहान पेशींचा) कर्करोग निघाला. पित्ताशयात तो क्वचितच होतो आणि झपाट्याने पसरतो. स्कॅनवर तो पित्ताशयाच्या नेहमीच्या कर्करोगापासून, म्हणजे अ‍ॅडिनोकार्सिनोमापासून खात्रीने वेगळा ओळखता येत नाही, आणि केमोथेरपीची औषधे मात्र दोन्हींची वेगळी. आजार आतल्या अस्तरापुरता असता, तर झालेली शस्त्रक्रियाही कदाचित पुरली असती, स्नायूपर्यंत गेला असता तर यकृताचा काही भाग व लसिकाग्रंथी काढायला लगेच दुसरी करता आली असती. यांतले काय होते, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या शहरात आहे, तिथे तरी प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर पॅथॉलॉजी नमुन्याचा क्रमांक आणि अहवाल मिळण्याची तारीख छापील रकान्यात असावी, आणि तो रकाना रिकामा असेल तर नातेवाइकांनी कार्ड तिथल्या तिथे परत करावे.

– एक वाचक, सिडको, नाशिक