रोझा पार्क्स राखीव जागेवर नव्हत्या

संपादक महोदय,

१ डिसेंबर जवळ आला की रोझा पार्क्स यांच्यावर लेख येतात आणि ‘गोऱ्यांच्या राखीव जागेवरून उठायला त्यांनी नकार दिला’ हे वाक्य त्यात हमखास असते. ते चुकीचे आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहराच्या बसमध्ये ३६ जागा असत: पुढच्या १० गोऱ्यांच्या, मागच्या १० कृष्णवर्णीयांच्या, मधल्या १६ चालकाच्या मर्जीवर. १९५५ च्या त्या संध्याकाळी पार्क्स, ज्या कृष्णवर्णीय होत्या, मधल्या भागात बसल्या होत्या. एकच गोरा उभा होता, तरी चालकाने चौघांना उठवले, कारण गोऱ्याच्या ओळीत कृष्णवर्णीयाने बसायचे नाही. तिघे उठले, पार्क्स उठल्या नाहीत, आणि त्यांना अटक झाली.

पुढचा बसवरचा बहिष्कारही आपसूक झाला नाही. तिथल्या कृष्णवर्णीय प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी मे १९५४ मध्येच महापौरांना पत्राने तसा इशारा दिला होता. पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री रॉबिन्सन यांनी कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रके काढली. एका कागदावर तीनदा मजकूर, मग कापायचे. सोमवारी, ५ डिसेंबरला बस ओस पडल्या.

खरी कसोटी त्यानंतर होती. कृष्णवर्णीय टॅक्सीवाले बसइतकेच, १० सेंट घेऊ लागले, तर पालिकेने किमान ४५ सेंटचा नियम काढून ते बंद पाडले. मग बॅटन रूज शहरातल्या १९५३ च्या बस बहिष्काराचा अनुभव विचारून सुमारे ३०० खासगी गाड्यांची व्यवस्था लावली. भाडे घेतले असते तर विनापरवाना धंदा ठरला असता, म्हणून खर्च देणग्यांतून. गाड्यांचे विमे रद्द होऊ लागले, तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. एवढे करूनही सुरुवातीच्या मागण्या मवाळच होत्या: सभ्य वागणूक, आधी येईल त्याला जागा (तीही कृष्णवर्णीयांनी मागून, गोऱ्यांनी पुढून भरायची) आणि कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक.

बसमधल्या वर्णभेदाचा कायदा रद्द झाला तो वेगळ्या खटल्यात. पार्क्स यांचे अपील राज्याच्या न्यायालयांत रखडण्याची भीती होती, म्हणून १ फेब्रुवारी १९५६ ला संघराज्याच्या न्यायालयात ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ दाखल झाला. निकालातल्या चार वादींत पार्क्स नाहीत. मार्च १९५५ मध्येच, वयाच्या पंधराव्या वर्षी अटक झालेली क्लॉडेट कॉल्विन आहे. त्या न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला आणि १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्याच दिवशी स्थानिक न्यायालयाने गाड्यांच्या व्यवस्थेवर बंदी घातली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश हाती पडेपर्यंत, म्हणजे २० डिसेंबरपर्यंत, लोक पायी चालले.

यंदाच्या लेखात, ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो त्या वादी ऑरेलिया ब्राउडर यांचेही नाव यावे, ही विनंती.

— एक वाचक, पुणे