परदेशी ट्रायथलॉन : शर्यत आधी, सहल नंतर

महोदय,

३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे अशा पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून जे छापून येते, ते बहुतेक सरावाबद्दल असते. सरावाची माहिती आता कुठेही मिळते. पण परदेशातल्या शर्यतीला घरच्यांना घेऊन जायचे तर तिकिटे कोणत्या दिवसाची काढायची, सायकल कशी न्यायची आणि शर्यतीच्या दिवशी मुलांना घेऊन नेमके कुठे उभे राहायचे, हे कुणी नीट सांगत नाही. महिनोन्‌महिने केलेली मेहनत शेवटच्या आठवड्यात बिघडते ती बहुधा इथेच.

सगळा हिशेब शर्यतीच्या दिवसापासून मागे आणि पुढे मोजावा. शर्यत रविवारी आहे असे धरू. नोंदणी साधारण गुरुवार-शुक्रवारी असते. तिथे स्पर्धकाला स्वतः ओळखपत्र घेऊन जावे लागते, त्याच्या वतीने दुसरे कुणी चालत नाही, आणि खिडकी एकदा बंद झाली की झाली. शनिवारी दुपारी सायकल आणि कपड्यांच्या पिशव्या ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्याकडे वळण्याच्या जागी, जमा करायच्या. रविवारी शर्यत, रात्री उशिरा सायकल परत. सोमवारी बक्षीस समारंभ, आणि आयर्नमॅन मालिकेत जागतिक स्पर्धेच्या शिल्लक जागांचे वाटपही त्याच सुमारास होते. नाव पुकारल्यावर माणूस समोर हजर नसेल तर जागा पुढच्याला जाते. त्यामुळे सोमवारचे विमान बादच समजावे. मंगळवार हा लवकरात लवकरचा दिवस, आणि लांबचा प्रवास असेल तर बुधवार बरा.

आता मागे मोजा. घड्याळातल्या फरकाला तासामागे साधारण एक दिवस लागतो, आणि पूर्वेकडे जाताना शरीर जास्त कुरकुरते. चार-पाच तासांचा फरक असेल तर मंगळवारी पोहोचणे योग्य. उष्णतेचे गणित वेगळे आहे. लंकावीसारख्या दमट बेटावर शर्यत असेल तर शरीराला सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात. एवढी रजा कुणालाच मिळत नाही, म्हणून उन्हातला सराव घरूनच दोन-तीन आठवडे आधी सुरू करावा.

मुलांना शाळेतून एवढे दिवस काढता येत नसतील तर स्पर्धकाने पुढे जावे आणि घरच्यांनी शुक्रवारी पोहोचावे. त्याहून उशीर नको. रविवारी पहाटे तीनला उठून रात्री दहापर्यंत पायांवर राहायचे असते ते सोबत आलेल्या माणसालाही. प्रवासाचा शीण न उतरलेल्या माणसावर दोन लहान मुलांची जबाबदारी टाकू नये.

सहल मात्र शर्यतीनंतरच ठेवावी, याबाबत माझे मत ठाम आहे. आधी फिरायला गेले की दिवसाला पंधरा-वीस हजार पावले सहज होतात, जेवणाच्या वेळा हुकतात, आणि ज्या आठवड्यात पाय जपायचे त्याच आठवड्यात ते भरून येतात. याचा अर्थ घरच्यांनी चार दिवस हॉटेलात बसून राहावे असा नाही. त्यांची बुधवार ते शुक्रवारची भटकंती स्वतंत्र ठरवावी, तिकिटेही स्वतंत्र काढावीत, आणि स्पर्धक येणार नाही हे मुलांना निघण्याआधीच सांगावे. तिथे गेल्यावर रोज सकाळी ‘आज येणार का’ हा प्रश्न निघाला की दोन्हीकडे चिडचिड होते.

शर्यत निवडतानाही घरच्यांचा विचार हवा. हवाईतल्या कोनाचे नाव मोठे, पण तिथला सायकलचा रस्ता हावीपर्यंत जाऊन परत येतो. मधले कित्येक तास घरच्यांना काहीच दिसत नाही. स्पेनच्या लान्झारोटे बेटावर सायकल बेटाला मोठा वळसा घालते, वारा प्रचंड, आणि तिथेही तीच गत. ऑस्ट्रेलियातल्या बसलटनला पोहणे सुमारे १.८ किलोमीटर लांबीच्या लाकडी जेट्टीला वळसा घालून होते आणि रस्ता सपाट आहे. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टला तलावातून निघालेले स्पर्धक शेवटी अरुंद कालव्यात शिरतात आणि प्रेक्षक दोन्ही काठांवरून त्यांना अगदी जवळून पाहतात. स्वीडनमधल्या काल्मारला धावण्याच्या फेऱ्या पुन्हा पुन्हा गावातूनच जातात. जर्मनीतल्या रोथला सायकलच्या दोन फेऱ्या असल्याने सोलार टेकडीवर माणूस दोनदा दिसतो. पण तिथे पोहून झाल्यावर सायकल उचलायची जागा आणि धावायला निघायची जागा वेगवेगळ्या आहेत. हे नकाशावर आधी पाहिले नाही तर घरचे चुकीच्या ठिकाणी उभे राहतात. पहिल्यांदा कुटुंबासह जाणाऱ्याने धावण्याच्या तीन-चार फेऱ्या एकाच भागात असलेली शर्यत निवडावी.

बुकिंगचा क्रम असा : तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी रद्द करता येण्याजोगी खोली. प्रवेश नक्की झाला की पासपोर्ट तपासणे, कारण अनेक देशांना पुढे सहा महिन्यांची मुदत लागते आणि मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांपेक्षा लवकर संपते. मग सगळ्यांचे व्हिसा एकत्र, आणि तिकिटे. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. मूल एकाच पालकाबरोबर प्रवास करणार असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्र जवळ ठेवावे. विम्याच्या अटी मात्र शेवटपर्यंत वाचाव्यात. साध्या प्रवास विम्यात स्पर्धात्मक खेळ बहुधा वगळलेले असतात. सायकलवरून पडून हाड मोडले तर नेमका तोच खर्च मिळत नाही, म्हणून वेगळे कलम जोडून घ्यावे.

खोली ट्रान्झिशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर हवी, कारण पहाटे रस्ते बंद होतात. गाडी मार्गाच्या आतल्या बाजूला उभी केली तर ती रात्रीपर्यंत तिथेच अडकते. स्वयंपाकघर असलेले दोन खोल्यांचे घर हॉटेलपेक्षा सोयीचे, कारण पहाटे साडेतीनला नाश्ता देणारे हॉटेल सापडणे कठीण. शुक्रवारची रात्र तरी स्पर्धकाने वेगळ्या खोलीत झोपावे. शर्यतीच्या आदल्या रात्री कुणालाच नीट झोप लागत नाही, त्यामुळे त्याच्या आधीच्या रात्रीची झोप खरी कामाची. आणि लिफ्ट आहे ना, हे विचारूनच पैसे भरावेत. तिची किंमत सोमवारी कळते.

सायकलबद्दल थोडे सविस्तर. कडक कवचाची पेटी रिकामीच आठ ते बारा किलो भरते, त्यात नऊ-दहा किलोची सायकल. २३ किलोच्या मर्यादेत शिल्लक फार उरत नाही, म्हणून हेल्मेट, बूट आणि वेटसूट पेटीत कोंबू नयेत. हेल्मेट, बूट, पेडल आणि पोहण्याचा चष्मा पाठीवरच्या पिशवीत घ्यावेत. पेटी उशिरा आली तरी भाड्याच्या सायकलवर शर्यत करता येते. सायकल नेणार हे तिकीट काढतानाच कंपनीला कळवून लेखी होकार घ्यावा. शेवटचा टप्पा लहान पंख्याच्या विमानाने असेल तर पेटीची मापेही कळवावीत, कारण सामानकक्षाच्या दारातून ती आत जाईलच असे नाही. सगळे टप्पे एकाच तिकिटावर हवेत आणि विमान बदलायला तीन तास हवेत.

पेटीत सर्वांत आधी मोडतो तो मागच्या डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला अडकवणारा तुकडा. तो मऊ धातूचा मुद्दाम केलेला असतो, म्हणजे धक्का बसला तर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. पण जरासा वाकला तरी चेन मोठ्या चाकीवरून घसरून चाकाच्या आऱ्यांत जाऊ शकते. म्हणून डिरेलर सोडवून, फोमात गुंडाळून, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत बांधावा आणि त्याच मॉडेलचा एक जादा हँगर बरोबर ठेवावा. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, तो परगावी शनिवारी दुपारी मिळत नाही. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, ते घड्याळाच्या दिशेने सुटते. चाक काढल्यावर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी घालावी, नाहीतर वाटेत कुणी ब्रेक दाबला की पॅड एकमेकांना चिकटतात. सीटपोस्टवर (सीटच्या दांड्यावर) टेपची खूण करावी आणि हँडलचे मोजमाप कागदावर लिहून ठेवावे. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) स्क्रू साधारण पाच न्यूटन-मीटर जोराने आवळायचे असतात, म्हणून तो जोर मोजणारा छोटा टॉर्क रेंच हवाच. कार्बनवर अंदाजाने पिळणे धोक्याचे. चाकात हवा भरायची सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काडतुसे तिथे गेल्यावर विकत घ्यावीत. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच.

पेटी मोठ्या सामानाच्या वेगळ्या पट्ट्यावर येते. ती विमानतळावरच उघडून पाहावी आणि तडा दिसला तर बाहेर पडण्याआधी तक्रार नोंदवून कागद घ्यावा. विमानप्रवासाच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते आणि भरपाईला मर्यादा आहे. चांगल्या कार्बन सायकलची किंमत तीत बसत नाही. भाड्याची गाडी घेताना आणखी एक पेच पडतो. पेटी मावायला मागची सीट पाडावी लागते, आणि सीट पाडली की मुलाची खुर्ची बसवायला जागा उरत नाही. मोठी व्हॅन तरी घ्यावी किंवा पेटीसाठी वेगळी सोय करावी.

आता रविवार. घरच्यांच्या हातात वेळांचा कागद द्यावा. उदाहरणार्थ, सुरुवात सातला, पोहणे दीड तास, सायकल सात तास, धावणे पाच तास दहा मिनिटे आणि दोन्ही बदलांना दहा-दहा मिनिटे. म्हणजे शेवट रात्री नऊला. पण हल्ली स्पर्धकांना एकदम न सोडता रांगेने सोडतात, त्यामुळे प्रत्यक्ष पाण्यात शिरायला अर्धा तास उशीर होऊ शकतो. कागदावर या वेळा लिहून प्रत्येकीपुढे ‘अर्धा तास पुढे-मागे’ असे लिहावे. चार फेऱ्यांची शर्यत असेल तर किलोमीटरला सात मिनिटे वीस सेकंदांच्या वेगाने एक फेरी साधारण ७७ मिनिटांची होते. मुलांना खायला घालायला, स्वच्छतागृहात न्यायला आणि सावलीत बसवायला हीच उसंत.

मोबाइल अ‍ॅपवर विसंबू नये. घोट्याला बांधलेली चिप मार्गावर अंथरलेल्या मॅटवरून गेली तरच वेळ नोंदते. दोन मॅटमध्ये ७० किलोमीटरचे अंतर असेल तर अडीच-पावणेतीन तास खरी माहिती येतच नाही. नकाशावरचा ठिपका मात्र सरकत राहतो, कारण तो मागच्या वेगावरून काढलेला अंदाज असतो. चाक पंक्चर होऊन माणूस कडेला बसला असला तरी ठिपका पुढे जातो, आणि मग पुढची नोंद उशिरा आली की घरचे घाबरतात. हे आधी सांगून ठेवले तर बराच जीव भांड्यात पडतो. नोंदणीच्या अर्जावर संपर्काचा नंबर द्यायचा तो सोबत आलेल्याचा आणि त्या देशात चालू असलेला. पुष्कळ जण सवयीने घरी राहिलेल्या माणसाचा देतात, आणि वैद्यकीय तंबूतून फोन जातो तो तिकडे. स्पर्धकाचा क्रमांक प्रत्येक मोठ्या माणसाच्या खिशात लिहिलेला असावा. शेवटी भेटायची जागा आदल्या दिवशी पायी जाऊन ठरवावी, कारण स्पर्धकाजवळ फोन नसतो.

प्रेमापोटी होणारी एक चूक फार महागात पडते. घरच्यांनी बाटली, जेल किंवा केळे हातात देणे आणि सोबत धावणे हे बाहेरची मदत समजून दंड होतो, वेळप्रसंगी बादही करतात. शेवटच्या रेषेवरून मुलाला बरोबर नेणे आयर्नमॅन शर्यतींत निषिद्ध आहे. काही आयोजक त्याला परवानगी देतात. म्हणून नियमपुस्तिका घरच्यांनीही वाचावी. रेषेच्या दोनशे मीटर आधी कठड्याजवळ उभे राहून हात मिळवता येतो, छायाचित्रही तिथेच चांगले येते.

शक्य असेल तर सोबत दोन मोठी माणसे असावीत. एकाने दुपारी मुलांना खोलीवर नेऊन झोपवावे आणि संध्याकाळी परत आणावे. किल्ल्या दोन हव्यात. सायकल परत घ्यायला स्पर्धकाचा मनगटपट्टा किंवा पावती लागते. घरच्यांना ती मिळते का, हे शनिवारीच विचारून घ्यावे.

शर्यतीनंतरचे दोन दिवस जिने, किल्ले, चढउतार काही नको. विशेषतः उतरताना मांड्या साथ देत नाहीत. समुद्रकिनारा, बोट किंवा आगगाडीचा प्रवास असे काही ठेवावे, डोंगर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. लांबच्या विमानात पाय सुजतात, आणि दमलेल्या, पाणी कमी झालेल्या शरीरात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. दर तासाला उठून चालावे, पाणी पीत राहावे, आणि एकाच पोटरीला सूज येऊन दुखू लागले किंवा धाप लागली तर डॉक्टरकडे जायला एक दिवसही थांबू नये. सायकल परत पेटीत भरायचे काम सोमवारी संध्याकाळपर्यंत उरकावे. तेव्हा स्पर्धकाला उकिडवे बसता येत नाही. म्हणून निघण्याआधी घरातल्या आणखी एका माणसाने ती सायकल एकदा स्वतः सोडवून पुन्हा जोडून पाहिलेली असावी.

आपला,
एक ट्रायथलॉन प्रशिक्षक
(नाव व पत्ता संपादकांकडे)