बोटे मोजू द्या, पण तिथेच थांबू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पालकसभेहून सूनबाई परतल्या त्या एक फर्मान घेऊनच: पहिलीतल्या मुलांनी बेरीज करताना बोटे वापरायची नाहीत. तेव्हापासून माझी नात घरीसुद्धा हात पाठीमागे लपवून मोजते. कोल्हापुरात अनेक वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले असल्याने हे पाहून मला फार वाईट वाटले, म्हणून हा पत्रप्रपंच.

मूल आठ अधिक तीन करताना आधी आठ मोजते, मग तीन मोजते आणि पुन्हा सगळे एकपासून मोजते. ही पहिली पायरी असून ती प्रत्येकाला चढावीच लागते. पुढची पायरी म्हणजे आठ मनात धरून 'नऊ, दहा, अकरा' असे पुढे मोजणे. इथे पुष्कळ मुले 'आठ, नऊ, दहा' म्हणतात आणि उत्तर एकाने कमी येते. त्याला आपण निष्काळजीपणा म्हणून मोकळे होतो. वास्तविक, आठ हे आधीच मोजून झाले आहेत, हे त्या मुलाला अजून उमगलेले नसते. अशा वेळी मी आठ चिंचोके मोजून डबीत टाकायची, झाकण लावायची आणि तीन बाहेर ठेवायची. डबीवर हात ठेवून 'आठ', मग बाहेरच्या एकेका चिंचोक्याला बोट लावून 'नऊ, दहा, अकरा'. चार-सहा दिवसांत डबी बाजूला ठेवली तरी चालते. तीन अधिक आठ असले तरी मोठी संख्या डबीत घालायची, हे मुले बहुधा आपणहून शोधतात.

त्यानंतर दहाच्या जोड्या (नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन, सहा-चार, पाच-पाच) तोंडी पक्क्या झाल्या, की आठ अधिक पाच करताना पाचातले दोन आठाला देऊन दहा पुरे करता येतात आणि उरलेले तीन मिळून तेरा होतात. आपल्या भाषेत तर ही युक्ती शब्दातच आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. म्हणून एकोणतीस अधिक सहा करताना सहातला एक दिला की तीस, वर पाच, पस्तीस. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' हे वाचन आले तेव्हा केवढा वाद झाला, पण 'एकोण'चा हा उपयोग वर्गात क्वचितच सांगितला जातो.

कपिलतीर्थ मंडईत त्र्याहत्तर रुपयांच्या भाजीला शंभराची नोट दिली, तर भाजीवाल्या मावशी कागदावर वजाबाकी मांडत नाहीत. दोनाचे नाणे ठेवून 'पंचाहत्तर', पाचाचे ठेवून 'ऐंशी', वीस देऊन 'शंभर' म्हणतात. हे पुढे मोजणेच आहे. मुलांना बाजारात न्यावे, तेही याचसाठी.

तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि अंकज्ञान यावे, यासाठी 'निपुण भारत' अभियानाने २०२६-२७ ही मुदत ठरवली आहे. त्या घाईत उभी मांडणी आणि 'हातचा' पहिलीतच लादू नये, असे मला कळकळीने वाटते. दहाचा गट मनात बसण्याआधी हातचा शिकवला, तर तो एक नेमका कशाचा, हे मुलाला कळत नाही.

मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझी विनंती एवढीच आहे, की उत्तर बरोबर असो वा चूक, मुलाला आधी 'कसे केलेस?' असे विचारावे आणि ते सांगत असताना त्याचे हात बाकावर असू द्यावेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
कोल्हापूर