‘सगळे रॉ द्या’ म्हणणाऱ्यांसाठी

संपादक महोदय,
स. न.

लग्नसराई उरकत आली की माझ्या स्टुडिओत एकच मागणी सुरू होते, ‘दादा, सगळे रॉ पेन ड्राइव्हवर टाकून द्या.’ रॉ म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची फाइल. परवा एका नवरदेवाचे मामा ते घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी तणतणत परत आले. टीव्हीवर काही उघडेना, लॅपटॉपवर उघडले ते फिके, मळकट. ‘एवढे पैसे घेऊन असले फोटो?’

मामांची चूक नाही. रॉ म्हणजे फोटो नव्हेच, ती पूर्वीची निगेटिव्ह. जेपेगमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. हळदीला पिवळ्या कापडाच्या मांडवात सगळ्यांना कावीळ झालेली दिसते. रॉ असेल तर आजोबांच्या धोतरावर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टेकवायचा, म्हणजे सॉफ्टवेअरला ‘हे पांढरं’ असं दाखवायचं. धोतर पांढरं होतं, हळद नवरीच्या गालापुरती उरते. जेपेगवर तीच ओढाताण केली की गालावर चट्टे उठतात.

पण २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल २५-३० एमबीची. दोन दिवसांच्या लग्नात २,८०० क्लिक म्हणजे ७५-८० जीबी. रोलच्या काळात ३६ फ्रेम जपून वापरणारा मी, आता माझंही बोट बटणावरून उठत नाही!

म्हणून आधी निवड, मग रंग. अंतरपाट दूर होतानाच्या १४ फ्रेममधली एक ठेवतो. २,८०० चे ६०० होतात. मग एका उजेडातले फोटो एकत्र धरून एकावरचे बदल बाकीच्यांवर टाकतो. नवी मुलं एकेक फोटो घासत बसतात आणि कॉम्प्युटरला नावं ठेवतात.

आणखी एक. बदल रॉ फाइलमध्ये साठत नाहीत. ते कॅटलॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत, किंवा शेजारच्या चिमुकल्या एक्सएमपी फाइलमध्ये असतात. मी एकदा फोल्डर परस्पर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला आणि कॅटलॉगभर प्रश्नचिन्हं उगवली, सॉफ्टवेअरला फोटोच सापडेनात. दोन रात्री गेल्या. आता फोल्डर हलवायचा तो सॉफ्टवेअरमधूनच, आणि बॅकअप घेताना रॉसोबत कॅटलॉगही. दोन प्रती स्टुडिओत, तिसरी सासुरवाडीच्या कपाटात.

मामांना शेवटी ६०० जेपेग दिले. जाता जाता म्हणाले, ‘काढून टाकलेल्यांत मी होतो का हो?’

होते. बहुतेक ठिकाणी जेवताना.

– एक छायाचित्रकार, कराड