खुले पत्र: 'शी गो' आणि आमची लाल शाई

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

महोदय, मी नाशिकमध्ये इंग्रजी शिकवतो. राज्याने 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आणले, पण वह्यांतली लाल शाई काही कमी झाली नाही.

'शी गो टू मार्केट' दिसले की आम्ही 'गोज' करून गुण कापतो. कापावेतच, परीक्षा प्रमाण इंग्रजीची आहे, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या मुलाखतीतही तीच लागते. पण वर 'असं कुणी इंग्रज बोलतच नाही' असे ठणकावतो, ते खोटे आहे. इंग्लंडातल्याच नॉरफोकच्या बोलीत 'शी गो' म्हणतात. बागलाणच्या मुलांना याचे नवल वाटू नये: त्यांच्या अहिराणी बोलीत मी करस, तू करस, तो करस, एकवचनात क्रियापद जागचे हलत नाही.

'आय डोन्ट नो नथिंग' आले की आम्ही फळ्यावर दोन नकारांचा होकार करून दाखवतो. (हे ऐकून 'याला सगळं ठाऊक आहे' असे समजणारा इंग्रज मला भेटवा.) चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर बिनदिक्कत नकारावर नकार रचत होता. अठराव्या शतकात रॉबर्ट लोथसारख्या व्याकरणकारांनी ती रचना बाद ठरवली. बोलींनी ती सोडली नाही.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची इंग्रजी पाहा. 'ही वर्किंग' म्हणजे तो आत्ता कामात आहे. 'ही बी वर्किंग' म्हणजे तो एरवी काम करत असतो, या क्षणी झोपलेला का असेना. तिथे 'ही बी वर्किंग राइट नाऊ' म्हणणारा चुकतो. नियम आहेत, आणि ते कडक आहेत.

म्हणजे सगळेच खपवून घ्यावे असे नाही. आमची विद्यार्थिनी नॉरफोकची नव्हे. तिचे 'शी गो' शिकताना कच्चे राहिलेले आहे. 'आय मार्केट गो' ही तर मराठीच्या साच्यातली इंग्रजी. पण शिकण्यातली चूक वेगळी आणि बोलीतला प्रयोग वेगळा, हे प्रशिक्षणात आम्हा शिक्षकांनाच कुणी सांगत नाही. मग चित्रपटात 'एन्ट' ('इझन्ट'चे बोलीतले रूप) ऐकून आलेल्या मुलाला आम्ही 'अडाणी इंग्रजी' म्हणून गप्प बसवतो.

मागणी छोटी आहे. नववी-दहावीच्या शिक्षक-हस्तपुस्तिकेत या फरकावर चार पाने द्या. श्रवणाच्या सरावात एखादा उतारा बोलीतला ठेवा. त्यावर गुण नकोत, फक्त ऐकू द्या.

आपला,
नाशिकमधील एक इंग्रजी शिक्षक