वनस्पतीजन्य औषधांचे अवशेषही तपासा

महोदय,

गेल्या दिवाळीनंतर द्राक्षबागेत फुलकिड्यांसाठी फवारणी झाल्यावर ब्लोअरची टाकी आमच्या शेततळ्याच्या काठावर धुतली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रोहू-कटल्याची बोटुकली पांढरी पोटे वर करून कडेला लागलेली दिसली. औषध निंबोळीवर आधारित होते व बाटलीवर ‘वनस्पतीजन्य, अवशेषमुक्त’ असे ठळक छापले होते. मासे त्यातील मूळ घटकाने मेले की त्यात कोणी आणखी काही मिसळले होते, हे कळावे म्हणून पाणी व काठची माती घेऊन मी माती परीक्षण केंद्रात गेलो. तेथे ही तपासणी होत नाही, असे उत्तर मिळाले.

२०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये असे १२ घटक असतात; कीटकनाशकाच्या अवशेषांना त्यात रकानाच नाही. युरोपला जाणारी द्राक्षे अवशेष तपासणीशिवाय कंटेनरमध्ये चढत नाहीत, पण ज्या मातीत वेल उभा आहे तिची आणि जे पाणी आमची गुरे पितात त्याची विचारपूस कोणी करत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मी निंबोळी अर्काच्या विरोधात नाही. पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, साबणाच्या पाण्यासह शंभर लिटर करण्याचे काम आमच्या घरी आजही होते. त्यातील ॲझाडिरॅक्टिन, म्हणजे कीड रोखणारे मूळ द्रव्य, उन्हात लवकर विघटित होते, हे खरे. मात्र मातीत, जिथे ऊन पोहोचत नाही, ते काही आठवडे टिकू शकते आणि पाण्यातील जीवांना ते अपायकारक आहे. मत्स्यपालकांना यात नवल वाटणार नाही, कारण बीज सोडण्यापूर्वी तळ्यातील नको असलेले मासे मारायला ते मोहाची पेंडच टाकतात आणि तिचा विषारीपणा ओसरायला दोन-तीन आठवडे थांबतात. मोहही झाडच आहे.

म्हणून कृषी विभागाने जिल्ह्याच्या ठिकाणी तरी माती व पाण्यातील अवशेष तपासण्याची परवडणारी सोय करावी, वनस्पतीजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांचे नमुने भेसळीसाठी दुकानांतून नियमितपणे उचलावेत, आणि टाकी तळ्या-विहिरीपासून दूर धुण्याची सूचना बाटलीवर मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात छापणे बंधनकारक करावे. ती उरलेली बाटली मी झाकण घट्ट लावून जपून ठेवली आहे. तपासायला कोणी तयार असेल, तर आणून देईन.

– एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक