ड्रॉइंग टॅबलेट माळ्यावर जाऊ नये म्हणून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी जवळ आली किंवा दहावीचा निकाल लागला, की पालक हमखास विचारतात, ‘बाई, पोराला ड्रॉइंगचा टॅब घ्यायचाय, कोणता घेऊ?’ मी कराडला शाळेत चित्रकला शिकवत होते. निवृत्त झाले तरी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसणारी मुले घरी येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांनी असा टॅबलेट, म्हणजे पेनने काढलेली रेघ कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर उमटवणारी पाटी, घेतलेला असतो आणि महिन्या-दोन महिन्यांत तो खोक्यात घालून माळ्यावर टाकलेला असतो. ‘आवडच नव्हती त्याला,’ असे आईवडील सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. वहीमागून वही भरणारे मूल चार दिवसांत कंटाळते, याचा अर्थ सुरुवात कशी करायची हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते सांगण्यासाठी हे पत्र.

खरेदीपासूनच गडबड होते. दुकानदार स्क्रीनवाला टॅबलेट पुढे करतो, त्याला वीस-पंचवीस हजार सहज लागतात. शिकणाऱ्याला त्याची गरज नाही. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन या कंपन्यांचे बिनस्क्रीनचे छोटे टॅबलेट मिळतात, त्यांतले साधे तीन ते पाच हजारांत येतात. चित्र काढायची जागा सहा बाय चार इंचांच्या आसपास असली तरी पुरते. खोक्यावर पेनचा दाब ओळखण्याच्या पातळ्या 4096 की 8192 लिहिल्या आहेत यावरून वाद घालू नका, नवशिक्या हाताला तो फरक कळत नाही. त्यापेक्षा पेन बिनबॅटरीचे आहे ना आणि सुटी निब मिळते ना, हे विचारा. घरी कॉम्प्युटर नसेल तर काही टॅबलेट ओटीजीने (मोबाईलला यूएसबी जोडायच्या छोट्या पिनने) अँड्रॉइड मोबाईललाही जोडता येतात. मात्र तेव्हा टॅबलेटचा थोडाच भाग चालतो, हे आधी माहीत असावे.

आता ज्या ठिकाणी सर्वाधिक मुले अडतात तिथे येते. माझ्याकडे येणारी एक मुलगी कागदावर नुसत्या हाताने सुरेख गोल काढते, पण टॅबलेटवर तिचा प्रत्येक गोल अंड्यासारखा उमटायचा. बिचारी स्वतःच्या हातालाच दोष देत बसली होती. दोष सेटिंगचा होता. टॅबलेटची लांबी-रुंदी एका प्रमाणात आणि कॉम्प्युटरचा स्क्रीन वेगळ्या प्रमाणात असला, की रेघ एका दिशेने ताणली जाते. ड्रायव्हरच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर टॅबलेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये दोन्हींचे प्रमाण जुळवून घ्यावे लागते. जुळले की नाही हे पाहायला काचेची बांगडी टॅबलेटवर ठेवा आणि तिच्या कडेने पेन फिरवा. स्क्रीनवर नीट गोल आला पाहिजे. (धातूची बांगडी नको. पेन चुंबकीय क्षेत्रावर चालते, जवळ धातू आला की रेघ भरकटू शकते.) ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा आणि आधी दुसऱ्या टॅबलेटचा असेल तर तो काढून टाकावा. हलक्या-जड दाबाने रेघ बारीक-जाड होतच नसेल, तर निम्म्या वेळा घोटाळा इथेच असतो.

टॅबलेट माऊससारखा उजवीकडे ठेवू नका. स्क्रीनच्या समोर, त्याला समांतर ठेवा. तो जरा तिरका झाला तरी आडवी रेघ तिरकी उमटते. नजर स्क्रीनवर आणि हात खाली, ही सवय लागायला वेळ जातो. म्हणून पहिले काही दिवस चित्र काढूच नये. उभ्या-आडव्या रेघा, गोल, जवळजवळ ओढलेल्या तिरक्या रेघांची छटा, आणि बाराखडी. बाराखडी मी आग्रहाने सांगते, कारण तिच्यात गाठ, काना, वेलांटी, सगळी वळणे येतात आणि अक्षर वाकडे आले की मुलाला स्वतःलाच दिसते. लांब रेघ मनगटातून न ओढता कोपरातून, खांद्यातून ओढावी. आपली मुले पेन फार दाबतात, त्याने निब झिजते आणि हातही दुखतो. दाबाची सेटिंग थोडी मऊ केली की हलक्या हाताने काम होते.

सॉफ्टवेअरला पैसे घालवू नका. मित्राच्या पेनड्राइव्हमधून आलेले चोरीचे फोटोशॉप तर मुळीच नको, त्यातून व्हायरस येतात आणि मुलाला चोरीची सवय लागते. क्रिता मोफत आहे, चित्रकलेसाठीच बनवलेले आहे आणि त्यावर पुस्तकाच्या मुखपृष्ठापर्यंतचे काम होते. त्यात शंभरहून अधिक ब्रश आहेत. त्यांतले दोन निवडा, एक पेन्सिलसारखा आणि एक रंग भरायला. बाकीचे सहा महिने उघडू नका. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले ट्रेसिंग पेपर समजा. कच्चे रेखाटन एकावर, पक्की रेघ त्याच्या वरच्यावर, रंग रेघेच्या खाली. सावलीसाठी वेगळा लेयर घेऊन तो ‘मल्टिप्लाय’ या रंग मिसळण्याच्या पर्यायावर टाकला की खालचा रंग झाकला जात नाही. चार-पाच लेयर पुष्कळ झाले. मधूनमधून एम हे बटण दाबून चित्र आरशातल्यासारखे उलटे करून पाहावे. चेहऱ्याचा एक डोळा वर गेलेला असेल तर लगेच कळते.

अनडूबद्दल, म्हणजे काढलेली रेघ पुसून मागे जाण्याच्या सोयीबद्दल, मात्र मी कडक आहे. प्रत्येक रेघेनंतर कंट्रोल-झेड दाबणाऱ्या मुलाची रेघ भित्री होते. सरावाच्या पानावर अनडू बंद. चुकलेली रेघ राहू द्यावी आणि तिच्या शेजारी दुसरी ओढावी.

छापायचे चित्र असेल तर पहिल्या मिनिटालाच आकार ठरवावा. ए-फोरला 300 डीपीआय (एका इंचात 300 ठिपके) म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेल. मोबाईलपुरते लहान काढलेले पोस्टर नंतर मोठे केले की कडा फुटतात, तिथे प्रेसवाला काही करू शकत नाही. शिवाय स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी किंवा निळा कागदावर तसा येत नाही, छपाईच्या शाईत तो मावत नाही. आधी एक प्रत छापून बघावी.

एवढे सांगूनही वस्तुचित्र कागदावरच सुरू ठेवा, असे मी प्रत्येकाला बजावते. खिडकीतून येणाऱ्या उजेडात तांब्या ठेवून त्याची सावली कुठे गडद होते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणताही ब्रश ती काढून देत नाही. ग्रेड परीक्षांना बसलेल्या मुलांना टॅबलेट लवकर वश होतो, तो याच सरावामुळे.

आपल्या दैनिकामार्फत शाळांना एक विनंती करावीशी वाटते. बहुतेक माध्यमिक शाळांत संगणक कक्ष आहे. त्यातल्या दोन संगणकांवर क्रिता टाकून दोन साधे टॅबलेट जोडले, तर खर्च दहा हजारांच्या आत बसतो. चित्रकलेच्या आणि संगणकाच्या शिक्षकांनी आठवड्यातून एक तास मिळून घ्यावा. ज्या घरात पाच हजारही जड आहेत, तिथल्या मुलांच्या हातात पेन येण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. आपल्या बालपुरवणीतही टॅबलेटवर काढलेल्या चित्रांना जागा द्यावी आणि पूर्ण चित्राशेजारी त्याचे कच्चे रेखाटन छापावे, म्हणजे बाकीच्या मुलांना ते कसे घडले हे दिसेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षिका
कराड, जि. सातारा